पालकांच्या विनंतीवरून

मार्चचा शेवटचा आठवडा. ऑफिसात अप्रेझलचा सीझन. जो तो एकमेकांकडे 'तुला किती पर्सेंट?' अशा नजरेनं बघतोय. आणि नेमका तेव्हाच तायडीचा फोन.

"तू तिकडं दिवसभर एक्सेलच बघतोस ना? मग एक बघून सांग. पोरीला पाचवीला कुठं घालू?"

तायडी माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. आमचं गाव सातारा जिल्ह्यात, कोरेगाव तालुक्यात. तिला दिलंय सांगली जिल्ह्यात, विट्याजवळच्या एका गावात. गावात जिल्हा परिषदेची शाळा आहे, पहिली ते सातवी. भाची तिथंच चौथीत. धाकटा भाचा दुसरीत, पण तो या शाळेत नाही. तो इंग्लिश मीडियमला. सकाळी सव्वासातला गावाच्या कमानीपाशी पिवळी बस येते आणि टाय लावलेली दहा-पंधरा पोरं घेऊन जाते. भाची त्याच कमानीखालून नंतर चालत शाळेत जाते.

आता चौथी संपतेय. तिला गावातल्याच शाळेत सातवीपर्यंत ठेवायचं, की हायस्कूलच्या पाचवीत घालायचं, की तिलाही पिवळ्या बसमध्ये बसवायचं? प्रश्न एवढाच होता. मी म्हटलं, "वीकेंडला सांगतो." शाळांची माहिती हल्ली ऑनलाइन असते. दोन तासांचं काम!

तीन आठवडे लागले.

शंभर टक्के निकाल

शनिवारी सकाळी कॉफीचा मग घेऊन बसलो. देशातल्या प्रत्येक शाळेला युडायस नावाचा अकरा आकडी नंबर असतो, आपल्या पॅनकार्डासारखा. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्र म्हणजे २७. पुढचे दोन जिल्ह्याचे, साताऱ्याचे ३१ आणि सांगलीचे ३५. शाळेत मुलं किती, मुली किती, शिक्षक किती, संडास किती, भिंत पक्की की पडकी, सगळं त्या नंबराखाली सापडतं. मी तीन शाळांची तीन रकान्यांत मांडणी केली आणि शेवटचा रकाना केला, 'निकाल'.

तो रकाना काही भरेना.

दहावीचा निकाल असतो, बारावीचा असतो. पाचवी, सहावी, सातवीचा कसला निकाल? शिक्षण हक्क कायदा २००९ चा. तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि आठवीपर्यंत कुणाला नापास करायचं नाही असं ठरलं. २०२३ मध्ये आपल्या राज्यानं नियम बदलला. पाचवीला आणि आठवीला वार्षिक परीक्षा आली, नापास झालं तर पुन्हा परीक्षा. तरीही कुठल्याही शाळेला विचारा, 'निकाल काय?' उत्तर येतं, 'शंभर टक्के!' तिन्ही रकान्यांत शंभर. झाली तुलना!

मग लोक शाळा निवडतात तरी कशावरून? विट्याच्या एसटी स्टँडबाहेर उभे राहा, कळेल. फ्लेक्सवरून. नवोदयला निवड झालेली मुलं, सैनिक स्कूलला लागलेली मुलं, स्कॉलरशिपच्या गुणवत्ता यादीतली मुलं, सगळ्यांचे पासपोर्ट साइज फोटो आणि मधोमध संस्थापक हात जोडून. नवोदय म्हणजे सांगली जिल्ह्याचं पलूसला, साताऱ्याचं खावलीला. तिथं सहावीत ८० जागा असतात आणि त्यासाठी अख्खा जिल्हा झुरतो. साताऱ्याचं सैनिक स्कूल १९६१ सालचं, देशातलं पहिलं. तिथंही सहावीत प्रवेश असतो.

आता यातली गंमत बघा. ज्या प्राथमिक शाळेनं पोराला घडवलं, तिच्या पुढच्या वर्गांतून ते पोरगं नेमकं याच वेळी निघून जातं. म्हणजे शाळेनं जितकं चांगलं काम करावं, तितकी तिची सहावी-सातवी रिकामी व्हावी! आमच्या कंपनीत याला अॅट्रिशन म्हणतात आणि त्यावर मीटिंगा होतात.

स्कॉलरशिपचंही तसंच. तायडी शाळेत होती तेव्हा ही परीक्षा चौथीला आणि सातवीला असायची. २०१६-१७ पासून ती पाचवीला आणि आठवीला गेली. ज्या शाळा सातवीपर्यंतच आहेत, त्यांच्या शेवटच्या वर्गाला त्यामुळे दाखवायला काही उरलंच नाही. मुलं सातवीपर्यंत शिकणार गावात, आठवीचं बक्षीस हायस्कूलच्या फ्लेक्सवर. २०२५ मध्ये सरकारनं पुन्हा चौथी-सातवीकडे यायचं ठरवलं, तेव्हा बऱ्याच गुरुजींना हायसं वाटलं असणार.

आणखी एक परीक्षा आहे, तिचं नाव शहरात फारसं कुणाला माहीत नसतं. एनएमएमएस. आठवीत द्यायची, पास होऊन यादीत आलं की नववी ते बारावी वर्षाला १२ हजार रुपये थेट खात्यात. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. आणि मुलगा किंवा मुलगी सरकारी, अनुदानित किंवा जिल्हा परिषद-पालिकेच्या शाळेतली हवी. विनाअनुदानित इंग्लिश मीडियमवाल्यांना ही परीक्षा बंद. हे मी तायडीला सांगितलं, तर ती म्हणाली, "मला माहीत आहे. तू मला नवीन काहीतरी सांग."

रजिस्टर काय म्हणतं?

मग सुट्टी टाकली आणि गेलो. पुण्याहून विट्याला जाताना वाटेत सातारा लागतं, तिथं उतरलो. मुद्दाम. शाळेच्या रजिस्टरचा विषय निघाला की महाराष्ट्रातल्या सगळ्यात प्रसिद्ध रजिस्टरची आठवण होतेच. राजवाड्यातलं तेव्हाचं सरकारी हायस्कूल, आजचं प्रतापसिंह हायस्कूल. ७ नोव्हेंबर १९०० रोजी तिथं एका मुलाचा प्रवेश झाला. रजिस्टर नंबर १९१४, नाव भिवा रामजी आंबेडकर. राज्य सरकार २०१७ पासून ७ नोव्हेंबर 'विद्यार्थी दिवस' म्हणून पाळतं. शाळा जिल्हा परिषदेची आहे. रजिस्टरच्या त्या पानाचा फोटो इतक्या वेळा छापून आलाय, पण मला दर वेळी एकच वाटतं. लिहिणाऱ्या कारकुनासाठी ती एक ओळ होती. वरचं एक नाव, खालचं एक नाव, मधलं हे.

सातारा आणि सांगली अशी दोन नावं आपण आज वेगळी घेतो, पण १९४९ पर्यंत सांगलीचा बराचसा भाग सातारा जिल्ह्यातच होता. मग उत्तर सातारा-दक्षिण सातारा अशी वाटणी झाली आणि १९६० मध्ये दक्षिण साताऱ्याचं नाव सांगली झालं. शाळांची कुळकथाही त्यामुळे सामाईक. कर्मवीर भाऊराव पाटलांचं ऐतवडे बुद्रुक आज सांगलीत, त्यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली ते काले कराडजवळ, आणि सगळ्या जातींची पोरं एका पंगतीत जेवू घालणारं बोर्डिंग साताऱ्यात, १९२४ चं. सावित्रीबाईंचं नायगाव साताऱ्यातलं, जोतीरावांचं मूळ गाव कटगुणही. थोडक्यात, शाळेत कोण बसणार यावरचं भांडण या पट्ट्याला नवीन नाही.

तायडीच्या गावातली शाळा म्हणजे कौलारू जुनी इमारत आणि शेजारी दोन नव्या स्लॅबच्या खोल्या. मुख्याध्यापक गुरुजींना मी आधी फोन केला होता. त्यांना वाटलं मी पत्रकार. मग वाटलं मी कुठल्या तरी एनजीओचा. शेवटी 'अमक्यांचा मेव्हणा' म्हटल्यावर चहा आला.

"निकाल विचारताय ना?" ते म्हणाले. "आधी पट बघा."

पट म्हणजे हजेरीवर नाव असलेल्या मुलांची संख्या. गुरुजींनी कपाटातून जनरल रजिस्टर काढलं. लाल कापडाची बांधणी, टेबलाएवढं रुंद. नाव, धर्म-जात, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, पूर्वीची शाळा... असे रकाने डावीकडून उजवीकडे. मी आयुष्यभर डेटा बघत आलोय, पण इतका बोलका डेटाबेस बघितला नव्हता.

जन्मस्थळाचाच रकाना घ्या. निम्म्या मुलांसमोर याच तालुक्यातली गावं. पण मधेच कोइमतूर. मधेच लुधियाना. हा विट्याचा सगळा परिसर गलाईवाल्यांचा, म्हणजे जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करणाऱ्यांचा. दुष्काळानं गाव सोडायला लावलं आणि ही माणसं देशभरच्या सराफी पेठांत जाऊन बसली. तिकडं जन्मलेली पोरं आजी-आजोबांकडे शिकायला येतात. तमिळ, पंजाबी कानावर पडलेली, मराठी वाचायला अडखळणारी. सातारच्या माण-खटावात, पाटण-जावळीत हेच मुंबईचं. बाप माथाडी किंवा गिरणीतला, पोरगं निम्मं गावात निम्मं चाळीत. जत तालुक्याच्या पूर्वेला तर जिल्हा परिषदेच्याच कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत. एकाच जिल्हा परिषदेचं पुस्तक, लिपी वेगळी.

आणि मग टेंभूचं पाणी आलं. कृष्णेचं पाणी कराडजवळून उचलून इकडच्या माळावर आणलं, तशी द्राक्षांशेजारी उसाची शेतंही वाढली. ऊस आला की तोडायला टोळ्या आल्या. बीडकडच्या, जतकडच्या. ट्रॅक्टरमध्ये संसार, रानात कोप्या, आणि कोपीबाहेर शाळेच्या वयाची पोरं. गुरुजी आणि एक बाई दर हंगामात त्या कोप्यांवर जातात, पोरांना शाळेत आणून बसवतात. कायदाच सांगतो, वयाप्रमाणे वर्गात घ्या, दाखल्यासाठी अडवू नका. सहावीच्या वयाचं पोरगं असतं, त्याला दुसरीचं वाचता येत नसतं. मार्चमध्ये पट्टा पडला की टोळी निघून जाते.

"आता सांगा," गुरुजी म्हणाले, "या पोराचा निकाल माझ्या शाळेचा, की त्याच्या गावच्या शाळेचा?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण पुढची गोष्ट ऐकून मी खरंच चक्रावलो. शाळेला शिक्षक किती मिळणार हे संचमान्यतेत ठरतं, आणि त्यासाठी पट धरतात ३० सप्टेंबरचा. उसाचा हंगाम सुरू होतो त्यानंतर. म्हणजे नोव्हेंबर ते मार्च या वर्गात बसणारी ही मुलं कागदावर इथं नसतातच. शिकवायचं मात्र गुरुजींनी. आमच्या मॅनेजरला असलं टार्गेट दिलं तर तो दुसऱ्या दिवशी रिझाइन करेल.

अकरा आणि सहा

या पट्ट्यातल्या शाळांत काम होत नाही असं कुणी म्हणत असेल तर त्यानं बाहेर पडून बघावं. सातारा जिल्ह्यातलं कुमठे बीट, म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याखालच्या शाळांचा गट. तिथं प्रतिभा भराडे यांच्या पुढाकारानं शिक्षकांनी फळा-खडूची पद्धत मोडून काढली. फरशीवर आखलेली अक्षरं, चिंचोके, काड्या, खडे, गटानं बसून एकमेकांना शिकवणारी मुलं. २०१५ मध्ये राज्यानं 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम काढला, तेव्हा दाखवायला हेच कुमठे होतं. राज्यभरातून शिक्षक गाड्या करकरून ते बघायला यायचे. आणि तायडीच्या शेजारच्याच कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. तिथं २०२२ पासून संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजायला लागला. तो वाजला की दीड तास टीव्ही बंद, मोबाइल बंद, पोरं अभ्यासाला. देशभरच्या चॅनेलवाल्यांनी त्या भोंग्याचं शूटिंग केलं. (आमच्या फ्लॅटमध्ये असा भोंगा बसवायचा माझा प्रस्ताव रूममेटनं हाणून पाडला.)

तर मुद्दा काम होण्या न होण्याचा नव्हता. तायडीच्या गावची शाळाही चांगली निघाली. मी पाचवीच्या वर्गात तासभर बसलो. अपूर्णांक चालू होते, गणित-विज्ञान सेमीतलं, म्हणजे इंग्रजीतून. बाईंनी भाकरीचे तुकडे करून दाखवावेत तसे कागदाचे तुकडे केले. मुलं हात वर करत होती, चुकत होती, हसत होती. मला अपूर्णांक कसे शिकवले होते ते मी आठवून बघितलं. छडी आठवली.

मग सवयीनं डोकी मोजली. मुली अकरा, मुलगे सहा.

किती छान, मुली पुढे चालल्यात! असं वाटलं क्षणभर. ऑफिसच्या डायव्हर्सिटी रिपोर्टमध्ये असा आकडा आला असता तर केक कापला असता. पण मग डोक्यात दुसरा आकडा आला. २०११ च्या जनगणनेत सांगली जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे मुली होत्या ८६७. साताऱ्यात ८९५. २००१ मध्ये तर सांगलीत ८५१ होत्या. हा तोच पट्टा, जिथं साताऱ्याच्या जिल्हा परिषदेनं ऑक्टोबर २०११ मध्ये एक समारंभ करून २८५ मुलींना नवी नावं दिली. कारण जन्मल्यापासून घरानं, गावानं त्यांना एकच नाव दिलं होतं, नकुशी.

जिथं मुली मुळातच कमी, तिथल्या वर्गात मुली जवळजवळ दुप्पट कशा?

उत्तर मी सकाळी सव्वासातला कमानीपाशी बघितलं होतं. पिवळ्या बसमध्ये.

हे काही या एका गावाचं नाही. 'असर'च्या पाहण्यांत वर्षानुवर्षं दिसतंय की ग्रामीण भारतात खासगी शाळांत मुलग्यांचं प्रमाण मुलींपेक्षा जास्त असतं. कोविडनंतर थोडा काळ चित्र हललं होतं. सहा ते चौदा वयोगटातली सरकारी शाळांत जाणारी मुलं देशात २०१८ मध्ये ६५.६ टक्के होती, ती २०२२ मध्ये ७२.९ झाली. फी भरायला पैसे नव्हते, बस बंद होत्या. २०२४ पर्यंत आकडा परत ६६.८ वर आला. पैसे आले, पोरं पुन्हा बसमध्ये बसली. कुणाची पोरं आधी बसली असतील, हे सांगायला पाहणी कशाला हवी?

गुरुजींना मी हे विचारलं. त्यांनी रजिस्टरचं पान उलटलं आणि अगदी उजवीकडच्या रकान्यावर बोट ठेवलं. 'शाळा सोडण्याचे कारण.' बोट खाली खाली सरकत गेलं. पालकांच्या विनंतीवरून. पालकांच्या विनंतीवरून. पालकांच्या विनंतीवरून. एक 'परगावी'. पुन्हा पालकांच्या विनंतीवरून. डावीकडे नावं बघितली, बहुतेक मुलग्यांची. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची पानं उलटली तर हाच रकाना मुलींच्या नावांपुढे भरलेला होता, तेव्हा कारण 'घरकाम' असायचं.

"बदललंय की नाही बघा," गुरुजी म्हणाले. ते चेष्टा करत होते की नाही, मला अजून कळलेलं नाही.

विसाच्या आत

रिकाम्या बाकांची किंमत कोण मोजतं ते पुढे कळलं. एप्रिल-मे महिन्यात या गावांतून फिरा, दारोदार हायस्कूलचे शिक्षक दिसतील. "पाचवीला आमच्याकडं द्या." कारण आपल्याकडे पाचवी दोन्हीकडे आहे, प्राथमिकलाही आणि हायस्कूललाही. पोरगी असेल तर एसटीचा पास फुकट, अहिल्याबाई होळकर योजनेतला, तेही ते सांगतात. आठवड्यानं प्राथमिकचे शिक्षक येतात, "नका काढू, सातवीपर्यंत राहू द्या." आणि तिसरा येतो इंग्लिश मीडियमचा, तो माहितीपत्रक आणि फुगे घेऊन येतो. उन्हात उभे असलेले हे तिघं काही आनंदानं फिरत नाहीत. प्रत्येकाची नोकरी त्या पटाला टांगलेली असते.

मार्च २०२४ मध्ये संचमान्यतेचे नवे निकष आले. सहावी ते आठवीच्या वर्गांचा पट विसाच्या आत गेला, तर त्या गटाला शिक्षकपदच मंजूर होणार नाही अशी भीती शिक्षक संघटनांनी बोलून दाखवली आणि राज्यभर आरडाओरडा झाला. त्याआधी २०२३ मध्ये 'समूह शाळे'चा विचार निघाला होता. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा राज्यात १४ हजार ७८३, विद्यार्थी १ लाख ८५ हजार ४६७. त्या एकत्र करून मोठ्या शाळा करायच्या, मुलांना बसनं आणायचं. कागदावर उत्तम. लायब्ररी, लॅब, मैदान, सगळं मिळेल. पाटणच्या एखाद्या वाडीतल्या आईला विचारा, जुलैच्या पावसात अकरा वर्षांच्या पोरीला ती रोज बसनं दुसऱ्या गावात पाठवील का? कायद्यात सहावी ते आठवीची शाळा तीन किलोमीटरच्या आत असावी असं लिहिलंय, ते उगाच नाही. मुलगे जातील. मुलींच्या नावापुढचा उजवीकडचा रकाना पुन्हा भरायला लागेल.

म्हणजे हिशेब असा. सहा घरांनी मुलगे बसमध्ये बसवले. पट घसरला. एक शिक्षक गेला. उरलेल्या मुलींना दोन इयत्ता एका खोलीत. मग गावानं म्हणायचं, शाळेत काही राम राहिला नाही.

माझ्या शीटमधला निकालाचा रकाना मी तिथंच डिलीट केला.

रात्री जेवायला बसलो. दाजी मोकळा माणूस, द्राक्षबाग सांभाळतात, पोरीवर जीव आहे. ती चौथीत पहिली आली की गावभर पेढे वाटतात. मी माझं प्रवचन सुरू केलं. ते शांतपणे ऐकून घेऊन म्हणाले, "पाव्हणं, खरं सांगू? पोरगी हुशार आहे. तिला कुठंबी घाला, चमकणारच. पोरगं जरा कच्चं आहे, म्हणून त्याच्यासाठी फी भरतोय."

हुशार पोरीसाठी फुकटची शाळा पुरते, कच्च्या पोरासाठी पैसे मोजावे लागतात. वाक्य इतकं सरळ होतं की मला घास घशाखाली घालायला पाणी लागलं.

"आणि तुमच्या ऑफिसात झेडपीतनं आलेलं किती जण हायत? मोजून सांगा की." पुण्याला परतल्यावर मोजले. चौदा जणांच्या टीममध्ये चार निघाले. कुणी आपणहून बोललं नव्हतं. एकजण तर माझ्या शेजारच्या खुर्चीत तीन वर्षं बसतोय. पण त्या रात्री दाजींना मी काहीच उत्तर दिलं नाही. कारण भाकरी वाढत असलेली तायडी माझ्याकडे बघत होती.

आमच्या घरातली गोष्ट सांगायलाच हवी. तायडी गावातल्या झेडपीच्या शाळेत सातवीपर्यंत शिकली. चौथीची स्कॉलरशिप तिनं मिळवली, सातवीचीही. मी त्याच शाळेतून चौथीची स्कॉलरशिप दिली आणि नापास झालो. म्हणून २००४ मध्ये मला पाचवीला साताऱ्याला इंग्लिश मीडियममध्ये घातलं, काकांकडे ठेवून. 'कच्चा आहे, त्याला चांगली शाळा पाहिजे.' त्याच जूनमध्ये तायडीला अकरावी सायन्सला कराडला जायचं होतं. दोघांचा खर्च झेपणार नव्हता. तिनं गावाजवळच्या कॉलेजात आर्ट्स घेतलं. घरात कुणी भांडलं नाही, कुणी रडलं नाही. मी माझ्या इंग्रजीवर आज पुण्यात नोकरी करतोय. आणि परवा तायडीनं मला विचारलं होतं, "तू एक्सेलमध्ये बघून सांग."

दाजी हात धुवायला उठले तेव्हा ती म्हणाली, हळूच, "शाळा चांगली आहे म्हणून पोरीला ठेवायची असंल तर पोरालाही ठेवूया. आणि चांगली नसंल तर दोघांनाही बसमध्ये बसवू. एवढंच माझं म्हणणं आहे."

"मग तू हे दाजींना सांगितलंस?"

"मी सांगितलं तर भांडण होतं. तू आकडे दाखवलेस तर ते बघतील."

भाची बाहेर ओसरीवर भावाला पाढे शिकवत होती. मराठीतून. तो इंग्रजीतून म्हणत होता. दोघांचा तेरा नव्वेला येऊन गोंधळ उडत होता.

पुण्याला आल्यावर मी शीट पुन्हा उघडली. तीन शाळा. शिक्षक, पट, अंतर, फी, एनएमएमएसला पात्र की नाही. आणि शेवटी एक नवा रकाना वाढवला, 'याच घरातलं दुसरं मूल कुठल्या शाळेत?' गुरुजींना फोन करून पाचवीच्या अकरा मुलींपुरती माहिती विचारली. सातजणींना भाऊ होते. सातांतले पाच पिवळ्या बसमध्ये.

रविवारी रात्री ती शीट दाजींना व्हॉट्सअॅपवर पाठवली. खाली काही लिहिलं नाही. दोन निळ्या टिका लगेच आल्या. मग 'टायपिंग' दिसलं, थांबलं, पुन्हा दिसलं, पुन्हा थांबलं.

मंगळवारी दुपारी, ऐन अप्रेझलच्या मीटिंगमध्ये, मेसेज आला.

"पाव्हणं, येत्या रविवारी या. ताईला पण बसवू. बोलू."